ज्यानं वाढवलं, त्यानं नाचायचं

आग्रिपिनाला स्वतःचं मूल नव्हतं, तरी वालेआ मेरीच्या शाळेत पालक समितीची प्रमुख तीच होती. याचं नवल गावात कुणाला वाटत नसे. निम्म्याहून जास्त पोरांचे आईबाप इटलीत नाहीतर जर्मनीत. कुणी तिकडच्या म्हाताऱ्यांची उठबस करतंय, कुणी भिंतींना गिलावा करतंय. मागे उरल्या आज्या, मावश्या, आत्या आणि दोन-चार आजोबा. पालकसभा भरली की डोक्याला रुमाल बांधलेल्या बायकाच खुर्च्यांवर दिसायच्या. त्यांत आग्रिपिनाचा आवाज सगळ्यांत मोठा आणि तिच्यापुढे ब्र काढायची कुणाची टाप नाही, म्हणून ती प्रमुख.

पन्नाशी उलटलेली बाई. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत बांधकामावर म्हणून मॉस्कोला गेला तो तिकडचाच झाला. त्याबद्दल कुणी हळहळलं तर ती म्हणायची, "गेला तर गेला. एक ताट कमी घासावं लागतं." हिवाळाभर ती व्यापाऱ्यांसाठी अक्रोड फोडायची आणि त्या कामानं तिची बोटं बारा महिने तपकिरी असायची. गावात लग्न असो, बारसं असो, चुलीपाशी आग्रिपिना हवीच. नाचाच्या रिंगणात मात्र तिला कुणी कधी पाहिलं नव्हतं. कुणी हात धरून ओढलंच तर हातातला डाव दाखवून म्हणायची, "मी नाचले तर तुम्ही जेवाल काय, माझं कपाळ?"

तिच्या घरात दोरिन वाढला, तिच्या धाकट्या बहिणीचा, औरिकाचा मुलगा. बाप दारूपायी लवकर गेला. पोर तिसरीत असताना औरिका पादोव्हाला गेली, तिकडच्या एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायला. पहिली काही वर्षं कागदपत्रं नव्हती, म्हणून येता आलं नाही. मग दोन उन्हाळे आली. पुढं म्हातारी अंथरुणाला खिळली आणि औरिकाचं 'येते, येते' तेवढं उरलं. गेल्या तीन वर्षांत तीनदा येते म्हणाली, तीनदा आली नाही. तिसऱ्या वेळी दोरिन धुतलेला शर्ट घालून फाट्यावरच्या बाकड्यावर दिवसभर बसला होता. संध्याकाळी आग्रिपिनानं जाऊन त्याला घरी आणलं. त्यानंतर आई कधी येणार हे त्यानं कधी विचारलं नाही.

गावातलं कुणी कौतुकानं म्हणे, "खोटं नाही बाई, माय मरो पण मावशी जगो!" तेव्हा आग्रिपिना खवळायची. "मरो कशाला? माझी बहीण आहे ती! तिकडं ती दुसऱ्याच्या आईचं हगणंमुतणं काढते म्हणून याच्या पायात बूट आहेत. पुन्हा ही म्हण काढलीस तर माझ्या दारात येऊ नकोस." असं ती म्हणायची खरं. पण पोराला ताप आला की रात्रभर कपाळावर हात कुणाचा असतो, हे तिलाही ठाऊक होतं आणि म्हण काढणाऱ्यालाही.

एप्रिलात बारावीच्या निरोपसमारंभाची सभा भरली. पोरांनी खांद्यावरून आडवे घालायचे पट्टे कुठून शिवायचे, शेवटची घंटा पहिलीतल्या कुठल्या पोरीच्या हातात द्यायची, बुजोरच्या फुलांच्या बादल्या कुणाच्या अंगणातून येणार, सगळं ठरलं. मग वर्गशिक्षिका झिनाइदाबाई खाकरल्या. "यंदा आपण वाल्सपण ठेवू या. मुलगे आईबरोबर नाचतील, मुली वडलांबरोबर. शेजारच्या गावात गेल्या वर्षी केलं, फार छान झालं."

"छान?" आग्रिपिना म्हणाली. "मी तिथं पानं वाढायला होते, बाई. एका पोरीचा बाप येणार म्हणून तिचं नाव पुकारलं. बाप सीमेवर अडकलेला. पोरगी हॉलच्या मधोमध एकटी उभी आणि अकॉर्डियनवाला वाजवतोय. थांबावं की वाजवत राहावं, त्यालाही कळेना. लोक जमिनीकडं बघत होते. ते छान होतं का?"

जिच्या मुलाला किंवा नातवंडाला ते लागू होतं, ती प्रत्येक बाई मांडीवरची पिशवी सारखी करू लागली.

"नाचायचंय तर नाचू," आग्रिपिनानं टेबलावर हात आपटला. "पण नियम एक. ज्यानं वाढवलं, त्यानं नाचायचं. आजी असो, आत्या असो. येणार-येणार म्हणणाऱ्यांची नावं घ्यायची नाहीत. कुणाचीही. पोराला माहीत असलं पाहिजे की आपल्यासमोर कोण उभं राहणार, आणि ते माणूस उभं राहिलंच पाहिजे."

"म्हणजे मी नाचू?" फेव्रोनिया आजी ओरडली. तिची नात त्याच वर्गात होती. "माझे गुडघे बघितलेस का?"

"बघितलेत. माझ्या कुंपणावरून चेरी काढायला चढतेस तेव्हा चांगले वाकतात."

सगळे हसले आणि नियम मंजूर झाला.

दर शनिवारी शाळेच्या व्यायामशाळेत सराव सुरू झाला. नेलु अकॉर्डियन घेऊन कोपऱ्यात बसायचा, झिनाइदाबाई टाळ्या वाजवून ताल धरायच्या. आज्या परवडल्या, पण आग्रिपिना म्हणजे लाकडाचा ओंडका. मान खाली, डोळे पायांवर, ओठांवर मोजणी.

"मावशे, खाली काय बघतेस? पाय काय पळून जाणार आहेत?" दोरिन म्हणायचा.

"तू तुझं बघ. डावा पाय तुझा दर वेळी उशिरा येतो."

तो उशिरा यायचाच. लहानपणी दोरिन अक्रोडाच्या झाडावरून पडला होता. घोटा जुळला, पण गिरकी घेताना तो पाय किंचित मागे राहायचा. दोन शनिवार दोघांची टक्कर झाली. तिसऱ्या शनिवारी आग्रिपिनाला गोम सापडली. गिरकीच्या जागी आपण श्वासभर थांबायचं, मग त्याचा पाय येतो आणि मग दोघं मिळून वळायचं. एकदा ते जमलं तसा वाल्स जमला. घरी दूध तापत ठेवून ती स्वयंपाकघरात एकटीच गिरक्या घ्यायची. शेजारणीनं खिडकीतून बघितलं तर खिडकी लावून घ्यायची. ती सुखात होती. एवढी वर्षं लोक जे म्हणीआडून बोलत आणि ती झटकून टाकी, ते सगळ्या गावासमोर होणार होतं, की हे पोर हिनं वाढवलं. तिला ते हवं होतं, अगदी आधाशासारखं हवं होतं, आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती.

मेच्या मध्यावर इटलीच्या मिनिबसनं औरिकाचं पोतं आलं. त्याआधी तिचा फोन येऊन गेला होता. "ताई, पोत्यात वरतीच एक ड्रेस आहे. सुरकुत्या पडतील, आल्या आल्या लटकव."

वालेआ मेरीत मिनिबसनं आलेलं पोतं म्हणजे घरातल्यांचं, हे विचारावंच लागत नाही. कॉफी, साबण, शर्ट, बूट, जे निघेल ते ज्याच्या मापाचं त्याचं. आग्रिपिनानं ड्रेस बाहेर काढला आणि खाटेवर बसली. गडद लाल, जुन्या वाइनच्या रंगाचा, हाताला मऊ. औरिकाला दोरिननं नाचाचं सांगितलं असणार आणि तिनं आपल्या ताईसाठी हे धाडलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ड्रेस कमरेत घट्ट होता, पण शिवणीत भरपूर कापड होतं. तिनं दोन्ही बाजू उसवल्या, बोटभर कापड सोडलं आणि पुन्हा टीप घातली. मग न राहवून फेव्रोनिया आजीला दाखवून आली.

"भोपळ्याला मखमल!" आजी म्हणाली. पण तिनं कापडावरून दोनदा हात फिरवला.

आठवड्यानं औरिकाचा पुन्हा फोन आला. आवाज असा उसळत होता की आग्रिपिनाला आधी वाटलं, काहीतरी वाईट झालं.

"ताई, मी येतेय! म्हातारीच्या लेकीनं रजा दिलीय. तिकीट हातात पडेपर्यंत बोलायचंच नाही असं ठरवलं होतं मी. पुन्हा तोंडघशी पडायला नको. बसनं येते, सकाळी फाट्यावर उतरेन. नाच आहे एवढंच दोरिन बोलला होता; माझ्या लेकाबरोबर मी नाचणार! ड्रेस म्हणूनच आधी पाठवला गं, माझ्या बॅगेत पार चुरगळला असता. लटकवलास ना?"

"लटकवलाय," आग्रिपिना म्हणाली.

"तुला आनंद नाही झाला?"

"झाला की. दूध उतू जातंय, ठेवते."

चुलीवर दूध नव्हतं. ती खुर्चीत बसून कपाटाच्या दाराला लटकलेल्या ड्रेसकडे बघत राहिली. बहिणीला एका वाक्यात सांगता आलं असतं की, नियम आहे बाई, नावं ठरली, तू बस पाहुण्यांत. कुणी तिला नावं ठेवली नसती. उलट गावानं पाठ थोपटली असती. आणि औरिकाचा काय भरवसा? तीनदा तोंडाला पानं पुसली होती तिनं. मग तिच्या मनात आलं, चौथ्यांदाही नाही आली तर बरं. ते मनात आलं तशी ती दचकून उठली. पोर पुन्हा त्या बाकड्यावर बसावं, असं आपण मागतोय? तिला स्वतःचीच किळस आली. तिनं सुईदोरा घेतला, ड्रेस खाली काढला आणि आपण सोडलेलं कापड पुन्हा आत घेऊन औरिकाच्या मापाचा केला. आता तो तिला चढलाच नसता. मनाची वाट बंद करायला तिला तेवढंच सुचलं.

जेवताना तिनं दोरिनला सांगितलं. त्यानं चमचा खाली ठेवला.

"येणार नाही ती."

"तिकीट काढलंय."

"मागच्या वेळीपण काढलं होतं. आणि आली तरी मी तिच्याबरोबर नाचणार नाही. नियम तूच केलास ना?"

"मी केला, मीच मोडते."

"का?"

"कारण तुला आई आहे!" आग्रिपिना ओरडली. "जिवंत आहे, चालती-बोलती आहे, दोन दिवस बसमध्ये बसून येतेय. तिला खुर्चीवर बसवून मी तुझ्याबरोबर नाचू? लोक काय बघतील? की या पोराची आई समोर असून त्यानं तिचा हात धरला नाही. जन्मभर तेवढंच आठवेल तुला."

"आणि तुला काय आठवेल?" दोरिननं विचारलं.

तिनं त्याच्या ताटात आणखी वाढलं. तो ते तसंच टाकून बाहेर गेला.

समितीच्या शेवटच्या बैठकीत झिनाइदाबाईंनी जोड्यांची नावं पक्की करायला घेतली. दोरिनची पाळी आली तेव्हा आग्रिपिना म्हणाली, "दोरिन आणि त्याची आई."

फेव्रोनिया आजी याच घडीची वाट बघत असावी तशी उठली. "हो का? नियम आमच्यासाठी, आणि राणीसाहेबांची बहीण आभाळातून पडलीय! माझा मुलगापण म्हणाला होता, येतो आई, लेकीबरोबर नाचतो. मी त्याला नाही म्हटलं. तुझ्या नियमासाठी नाही म्हटलं! रडला तो फोनवर. पोरगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही."

आग्रिपिनाला उलट उत्तर देता येत नाही, असं गावानं पहिल्यांदाच पाहिलं. ती मान खाली घालून उभी राहिली. "चुकलं माझं," ती म्हणाली. "त्याला अजून बोलाव. मी सगळ्यांसमोर सांगते, नियम गेला खड्ड्यात."

"आता कसा येईल? रजा मागायची मुदत गेली त्याची," म्हातारी म्हणाली आणि खाली बसली. ते आग्रिपिनाला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

झिनाइदाबाई हळूच म्हणाल्या, "आणि बहीण नाहीच आली तर? आग्रिपिना, तू राखीव राहा."

"नऊ वर्षं राखीवच आहे मी, बाई. त्यात नवीन काय?"

समारंभाच्या दिवशी सकाळी शाळेच्या मुदपाकात झामाची पातेली चढली. कोंबडीच्या त्या आंबट रश्श्याचा वास अंगणापर्यंत गेला. अंगणात बुजोरच्या लाल फुलांच्या बादल्या, झेंडे, फुगे, नव्या बुटांत लंगडणाऱ्या पोरी. आणि आग्रिपिनाच्या ॲप्रनच्या खिशात फोन. औरिका पहाटेपासून प्रुत नदीवरच्या सीमाचौकीत अडकली होती. "रांग हलत नाहीये, ताई." थोड्या वेळानं, "पुढच्या बसमधली पोती उघडायला लावलीत." मग, "सुटलो!" आणि त्यानंतर फोन बंद.

दोरिन पट्टा घालून फाटकापाशी उभा होता. रस्त्याकडे पाठ करून. त्या पाठीवरून आग्रिपिनाला बाकडं आठवलं. तोंडानं ती नुसती कोथिंबीर आण, पाव झाका, करत होती.

पहिलीतली चिमुरडी घंटा वाजवत अंगणाला फेरी मारून गेली. मुख्याध्यापकांचं भाषण झालं. सगळे हॉलमध्ये आले, दाखले वाटून झाले. आता वाल्स. झिनाइदाबाई मुदपाकाच्या दारात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय करू? पुकारू?"

"सरपंचाला बोलायला द्या."

"सरपंचाला? अगं, तो एकदा सुरू झाला की थांबत नाही!"

"म्हणूनच म्हणते."

सरपंच तर वाटच बघत होते. त्यांनी आधी शिक्षणाचं महत्त्व सांगितलं, मग गावच्या रस्त्याचं, मग नळयोजनेचं, मग मागच्या सरपंचाचं. आज्या पंखे हलवत होत्या. दोरिन भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता. आग्रिपिनानं मनात ठरवलं, नळयोजना संपली की आपण ॲप्रन काढायचा आणि जायचं. ती गाठ सोडत होती, तोच मागचं दार उघडलं.

औरिका दारात उभी होती. घामेघूम, केस विस्कटलेले, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर बॅग. फाट्यापासून पळत आली होती. कानशिलांवर पिकलेले केस होते, ते आग्रिपिनानं फोनवर कधी पाहिले नव्हते.

"झालं? संपलं?"

"सरपंच बोलतोय. हात धू, कपडे काढ."

गळाभेट नाही, विचारपूस नाही. पातेल्यांच्या आडोशाला आग्रिपिनानं बहिणीच्या अंगात ड्रेस चढवला. औरिका खाली बघून मागचं बक्कल चाचपत होती. तिची बोटं बाजूच्या शिवणीवर गेली आणि थांबली. नव्या टिपेच्या बाहेर जुन्या सुईची छिद्रं ओळीनं दिसत होती, आणि त्याच्याही बाहेर आणखी एक ओळ.

"ताई, हा उसवला होतास?"

"कापड बघत होते, कसं आहे."

"तुझ्या मापाचा केला होतास." औरिकाचा आवाज बारीक झाला. "अगं देवा. तुला वाटलं, तुझ्यासाठी पाठवला. तू नाचणार होतीस त्याच्याबरोबर. तू शिकलीस?"

"हलू नकोस. बक्कल तुटेल."

"तू जा. ताई, तू जा, मी बघते."

"आता डोक्यात एक ठेवून देईन!" आग्रिपिना कुजबुजत ओरडली. "पोराचं नाव तुझ्याबरोबर दिलंय. तीन वर्षं रस्त्याकडं पाठ करून उभं आहे ते पोर. हात इकडं ठेव. ऐक. एक-दोन-तीन सगळं येतं तुला. पण गिरकी आली की थांबायचं. त्याचा डावा पाय उशिरा येतो."

"का?"

"झाडावरून पडला होता. सांगितलं होतं तुला."

"सुजलाय म्हणाली होतीस. मोडला होता?"

"तू तिथून काय करणार होतीस? म्हणून नाही सांगितलं. आता ऐकशील? थांबायचं. ओढायचं नाही त्याला. पाय आला की मग वळायचं. चल."

पातेल्यांच्या वाफेत दोघी बहिणी नाचल्या. आग्रिपिना मुद्दाम डावा पाय मागे ठेवत दोरिन झाली होती. पहिल्या दोन गिरक्यांना औरिकानं तिला ओढलं. तिसऱ्या गिरकीला थांबली. "असं," आग्रिपिना म्हणाली. नऊ वर्षं वाढवलेलं पोर ती बहिणीच्या हातात देत होती, आणि द्यायला वेळ होता फक्त मागच्या सरपंचाची निंदा संपेपर्यंत.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. नावं पुकारली जाऊ लागली. फेव्रोनिया आजी नातीचा हात धरून मधोमध गेली आणि तिनं एकदाही गुडघ्याचं नाव काढलं नाही. "दोरिन आणि त्याची आई, औरिका."

दोरिननं मान वर केली. दारात लाल ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट घातलेली आई उभी होती. तो हलला नाही. लोक जमिनीकडं बघू लागले. गेल्या वर्षीसारखेच, आग्रिपिनाला वाटलं, आणि तिनं दाराची चौकट घट्ट धरली. औरिका एकटीच चालत त्याच्यापर्यंत गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "मला नीट येत नाही रे. आत्ता मुदपाकात शिकलेय. सांभाळून घेशील?"

पोरानं तिच्या बुटांकडे पाहिलं. चिखलानं माखले होते. मग त्यानं हात पुढे केला.

नेलुनं वाल्स धरला. आग्रिपिना दारातून फक्त पाय बघत होती. पहिली गिरकी आली, औरिका थांबली. दुसरी आली, थांबली. पाय येत होता, दोघं वळत होती. छान नाचत होती मेली. आग्रिपिना डोळे पुसून आत गेली आणि रश्श्यात मीठ घालू लागली. एकदा घातलं होतं की नाही, ते तिला आठवेना.

वाल्स संपताच औरिका थेट मुदपाकात आली. चेहरा पांढराफटक होता.

"तो मला मावशी म्हणाला."

आग्रिपिनाच्या हातातला डाव थांबला. हेच तर तिला हवं होतं. गावासमोर नाही, पण मिळालं होतं, आणि ते समोरच्या चेहऱ्यावर बघवत नव्हतं.

"जीभ घसरली असेल गं. शाळेत बाईंनापण म्हणतो कधी कधी."

"खोटं बोलू नकोस. 'मावशे, बरोबर थांबलीस' असं म्हणाला. त्याच्या लक्षातही आलं नाही. डोळे मिटलेले होते त्याचे." औरिका भिंतीला टेकली. "गिरकी घेताना तो डोळे मिटतो. ते तू मला सांगितलं नाहीस."

आग्रिपिनानं तिच्याकडे पाहिलं. "मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी कधी वर बघितलंच नाही. मी पायच बघत होते."

हॉलमध्ये नेलुनं पुन्हा वाल्स सुरू केला, आता ज्याला हवं त्यानं नाचावं म्हणून. दारात दोरिन येऊन उभा राहिला. पट्टा एका खांद्यावरून घसरला होता. एकदा आईकडे, एकदा मावशीकडे बघून त्यानं जीभ चावली, म्हणजे त्याला कळलं होतं आपण काय बोललो ते.

औरिकानं बहिणीच्या हातातला डाव काढून घेतला. "जा. रस्सा मी बघते. तेवढं येतं मला."

"ॲप्रन आहे अंगावर. मीठ दोनदा पडलंय की काय..."

"मावशे, ये ना," दोरिन म्हणाला.

हॉलपर्यंत जायला नको म्हणाली ती. मुदपाकातच, पातेली आणि पावाच्या टोपल्यांच्या मधल्या जागेत, त्यानं तिचे तपकिरी बोटांचे हात हातात घेतले. आग्रिपिनानं या वेळी मान खाली घातली नाही. तिनं वर पाहिलं.

त्याचे डोळे उघडे होते. तिच्या खांद्यावरून तो चुलीकडे बघत होता. तिथं आई पाठमोरी उभी राहून रस्सा ढवळत होती आणि एका हातानं डोळे पुसत होती. परवा पुन्हा बसमध्ये बसणार होती ती.

गिरकीची जागा आली. आग्रिपिना थांबली. त्याचा डावा पाय आला, आता वळायचं होतं. दोघं वळली असती तर आईऐवजी त्याला भिंत दिसली असती. तिनं त्याचे हात घट्ट धरले आणि नाच मोडला तरी चालेल म्हणून ती तिथंच, जागच्या जागी, डोलत राहिली.